हौद्यावरचं छप्पर

आमच्याकडे पिकअप घेताना कोणी फार खल करत नाही. जुनी असेल तर टायर बघायचे, खाली वाकून चासीला किती गंज लागलाय ते बघायचं, कागद चाळायचे आणि चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडायचा. खल होतो तो नंतर, हौद्यावर काय घालायचं यावर. माझ्या चुलतभावाने वैशाखात जुनी बोलेरो पिकअप आणली तेव्हापासून चौलच्या आमच्या ओटीवर तोच एक विषय होता : लोखंडी कमानी टाकून ताडपत्री बांधायची, की पत्र्याची बंद पेटी चढवायची? पनवेलला नोकरी करणारा त्याचा मेहुणा पेटीच्या बाजूचा. एकदा कुलूप लावलं की रात्री झोप लागते, हा त्याचा मुद्दा. रेवदंडा बंदरावर मासळीची ने-आण करण्यात जन्म घालवलेले एक काका ताडपत्रीच्या बाजूचे, आणि कारण सांगायची त्यांना गरजच वाटत नव्हती. काकूचं मत सगळ्यांत व्यवहारी निघालं. ती म्हणाली, "पेटीच बसव. म्हणजे लग्नसराईत वऱ्हाड भरायला गाडी मागायला कोणी येणार नाही." मालाच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहे आणि जिवावरचंही, पण नात्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे काही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

माझं लक्ष या चर्चेत होतं ते स्वार्थापोटी. वाडीतली सुपारी आणि नारळ याच गाडीतून जायचे होते.

रायगडच्या किनाऱ्यावर एका पिकअपने वर्षभरात काय काय वाहावं याला धरबंध नाही आणि सगळा घोळ तिथेच आहे. शिमग्याच्या आगेमागे अलिबागचा पांढरा कांदा निघतो. खंडाळे, नेहुली, वाडगावकडची माणसं तो पातीसकट वाळवून त्याच्या वेण्या विणतात, आणि त्या वेण्या दाबून चालत नाही. मग आंबा. हापूसला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर आमचा जिल्हाही आहे, हे मुंबईच्या गिऱ्हाइकाला अजून पटवावं लागतं. लग्नसराईत मंडपाचे बांबू, खुर्च्या, भांडी. पावसाच्या तोंडावर पत्रे, कौलं, खताच्या गोण्या. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा गाड्या पेण-हमरापूरच्या गणपतींकडे वळतात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बर्फ आणि मासळी. पुढे सुपारी, नारळ, वलांडीवर वाळलेले बोंबील. आणि मधल्या फटीत नागाव-काशीदच्या कॉटेजवाल्यांच्या गाद्या. ज्या हौद्यातून आज बर्फाचं पाणी गळतंय त्यात परवा गणपती बसणार असतो. अशा गाडीला एकच छप्पर निवडायचं आहे.

याच किनाऱ्यावर दुसऱ्या जातीच्या पिकअपही दिसतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्यांसकट येणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, तेव्हापासून जास्तच. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स : पुढे मोटारीसारखी पाच माणसांची बैठक, मागे छोटा हौदा, आणि हौद्याच्या काठाबरोबर बसवलेलं झाकण. कोणाचं रेक्झिनसारख्या कापडाचं, गुंडाळून मागे सारायचं. कोणाचं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, दुकानाच्या शटरसारखं सरकत जाणारं. अमेरिकेत मऊ की कडक हा वाद घालतात तो या दोन झाकणांवरून. झाकण देखणं असतं, वादच नाही. पण काठापेक्षा उंच काही त्याखाली मावत नाही. माडाचं एक रोप उभं ठेवायचं म्हटलं तरी झाकण उघडं टाकावं लागतं. शिवाय शटरच्या खाचांत उतरणारं पाणी बाहेर काढायला कोपऱ्यांत बारीक नळ्या दिलेल्या असतात, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी उभी राहिली की त्या नळ्यांत वाळू आणि सुरूच्या काड्या जाऊन बसतात. मालकाला ते कळतं पहिल्या पावसात, सुटकेस भिजल्यावर. असो. ज्यांना शनिवारी येऊन रविवारी परत जायचं असतं त्यांचा प्रश्न निराळा आणि उत्तरही निराळं.

आमचा प्रश्न पावसाचा. रायगडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो असं सरकारी आकडे सांगतात, पण तो कुठून पडतो हे आकडे सांगत नाहीत. किनाऱ्यावर तो समुद्राकडून आडवा येतो. झड म्हणतात ती हीच. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधायचे ती याच झडीसाठी. डोक्यावरची कौलं तिच्यापुढे निरुपयोगी. गाडीचंही तसंच आहे. वरून भिजणारा माल थोडा, बाजूंनी आणि मागून भिजणारा जास्त. त्यातही मागून. चालत्या गाडीच्या पाठीशी हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखलपाण्याचा फवारा त्या पोकळीत ओढला जाऊन फाळक्यावरून आत येतो. म्हणून ताडपत्री बांधणाऱ्याची परीक्षा पाठीमागे होते. वरचा भाग कोणीही ताणतो; मागचे दोन कोपरे पाकिटासारखे आत मुडपून, त्यावर पडदा टाकून, दोरी फाळक्याखालच्या कडीतून काढून आवळणं हे काम ज्याला येतं त्याच्याच गाडीत साखरेची गोणी द्यावी.

माझ्या लहानपणी ताडपत्री म्हणजे मेणकापडाचा जाडजूड कॅनव्हास होता. ओला झाला की दोन माणसांना उचलत नसे, आणि त्याचा तो तेलकट वास एसटीच्या टपावर बांधलेल्या सामानाला घरापर्यंत सोबत करायचा. आता बाजारात प्लास्टिक विणलेली ताडपत्री मिळते आणि ती ‘जीएसएम’वर विकली जाते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. नव्वदची घेतली तर ती एका पावसाची सोबतीण. अडीचशेची घेतली तर दोन-तीन पावसाळे निघतात. ऊनच तिला खातं, पाणी नाही. पंधरा बाय बारा फुटांची अडीचशे जीएसएमची ताडपत्री साधारण सव्वाचार किलो भरते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पेटीचा हिशेब पुढे यायचाय.

ताडपत्रीचा खरा शत्रू मात्र ती स्वतःच असते. मधे आधार नसला की ती खाली झुकते, पाणी साचतं, साचलेल्या पाण्याने आणखी झुकते. एक चौरस मीटरच्या खळग्यात दोन इंच पाणी म्हणजे पन्नास किलो वजन. ते आंब्याच्या पेटीवर बसलं तर वरच्या थरातल्या फळांची खैर नाही, आणि गणपतीच्या मुकुटावर बसलं तर काय होतं ते पेणच्या कोणत्याही कारखानदाराला विचारा. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. पाणी लागलं की ती पुन्हा माती होते. भाताचा पेंढा खाली आणि बाजूला कोंबून मूर्ती हलणार नाही याची काळजी सगळेच घेतात. पण ओलं कापड नुसतं टेकलं तरी रंग उचलला जातो, म्हणून कापड मूर्तीपासून वीतभर तरी लांब हवं. त्यासाठी कमानी. हौद्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप वाकवून चार कमानी उभ्या केल्या, त्यांना मधोमध एक उभा पाइप जोडला, की पाणी दोन्हीकडे निथळून जातं. भातलावणी करणाऱ्या बायकांच्या इरल्यात हेच केलेलं असायचं : आत बांबूच्या कामट्यांचा ताठ सांगाडा, वर पानांची मऊ पाठ. मऊ की कडक हा वाद त्या बायकांनी आपसात मिटवून टाकला होता.

आता पेटी. पेटीचं मला खरंच कौतुक वाटतं. दार लावलं की आतलं जग वेगळं. झड नाही, फवारा नाही, दोरी नाही, रात्री दीड वाजता वडखळ नाक्याच्या दिव्याखाली उभं राहून सुटलेली गाठ बांधणं नाही. सुकी मासळी न्यायची असेल तर पेटीला तोड नाही. बोंबील नुसता दमट झाला तरी भाव पडतो. औषधं, किराणा, पार्सल यांनाही पेटीच हवी. पण तिचं वजन बघा. अठरा गेजचा पत्रा चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो. पिकअपच्या हौद्यावर माणूस उभा राहील एवढी पेटी करायची तर छत, भिंती आणि दार धरून वीस चौरस मीटरच्या आसपास पत्रा लागतो. म्हणजे दोनशे किलोच्या घरात नुसता पत्रा. अँगलची चौकट वेगळी. हे वजन गाडीच्या पासिंगमधूनच वजा होतं. वीस किलोच्या दहा आंबापेट्या प्रत्येक खेपेला घरी ठेवून निघायचं, असा त्याचा अर्थ. फायबरची पेटी हलकी असते, महागही असते, आणि तिला तडा गेला तर रेवदंड्याचा वेल्डर तिच्याकडे बघून हात झटकतो.

कागदाचीही भानगड आहे. गाडीच्या नोंदणीत बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा ठणकावून सांगितलं. पेटी चढवायची तर आधी पेणच्या आरटीओची मंजुरी हवी. मेहुण्याला हे माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर त्याचा आवाज थोडा खाली आला, पण कुलपाचा मुद्दा त्याने सोडला नाही.

गंजाचं काय? समुद्राच्या हवेत पत्रा वरून नाही, आतून आणि जोडावर गंजतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे खारट ओल मुरते आणि रंगाखालून काम सुरू करते. बर्फाचं खारं पाणी रोज आत सांडत असेल तर पेटीचा तळ सगळ्यांत आधी जातो. आणि वास! काकांनी अखेर तोंड उघडलं ते वासावरून. ते म्हणाले, "एकदा पेटीत बांगडा नेला की ती पेटी बांगड्याचीच. मग तुझ्या गाडीत आंबा कोण भरणार हाय?" ताडपत्री खाडीत बुचकळून, घासून, उन्हात टाकता येते. हौदा पाइप लावून धुतला की दोन दिवसांत वारा त्याचा वास नेतो. भाड्याने गाडी चालवणाऱ्याचं पोट रोज वेगळा माल उचलण्यावर असतं, हे बंदरावर जन्म गेलेल्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं. आम्ही उगाच आकडे मांडत बसलो होतो.

पण माझ्या मते पेटीविरुद्धचं सगळ्यांत मोठं कारण आणखी वेगळं आहे, आणि ते ओटीवर कोणीच काढलं नाही. या किनाऱ्यावर छपराचं काम पाणी आत येऊ न देण्याचं आहे, हे अर्धंच खरं. आत असलेलं पाणी बाहेर जाऊ देणं हे उरलेलं अर्धं. आंबा झाडावरून उतरला तरी श्वास घेत असतो. उष्णता सोडतो, वाफ सोडतो. कांदाही तसाच. संध्याकाळी तापलेल्या अंगणातून माल भरून पेटी बंद करा, रात्रीच्या गार हवेत पत्रा थंड होतो, आणि आतली वाफ छताला लागून थेंब धरते. बाहेर चांदणं असतं, आत गळतंय. वाशीच्या बाजारात पहाटे दार उघडलं की वरच्या पेट्यांची खोकी ओली. कांद्याच्या वेण्यांचं तर बोलायलाच नको. ज्या कांद्याला वारा लागावा म्हणून पातीसकट टांगून ठेवायचं, त्यालाच डब्यात कोंडून प्रवासाला पाठवायचं.

हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जूनच्या आत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात ते बघा. वर बांबूचा सांगाडा, त्यावर झावळ्या. अलीकडे झावळ्यांऐवजी निळी ताडपत्री. पण कुठलाही जाणता नाखवा होडी चहूबाजूंनी घट्ट गुंडाळत नाही. नाळेकडून वारा शिरावा आणि वरामाकडून निघून जावा एवढी वाट ठेवतो. लाकूड पावसाने कुजत नाही इतकं कोंडलेल्या दमाने कुजतं. साखर-आक्षीपासून राजपुरी-एकदऱ्यापर्यंत कुठेही जा, पावसाळ्यात होड्यांवरची छपरं दोन्ही टोकांना उघडीच दिसतील.

कडक म्हणजे टिकाऊ, हा समज तर ३ जून २०२० ला दुपारीच उडून गेला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात माड आणि पोफळी काडीसारख्या मोडल्या. रोठा सुपारीसाठी जिचं नाव आहे ती श्रीवर्धनची वाडी एका दुपारी आडवी झाली. पोफळीचं रोप धरायला लागायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा नुकसान त्या वर्षापुरतं नव्हतं. घरांवरचे पत्रे आकड्यांसकट, वाशांसकट निघाले. उडणारा पत्रा काय करू शकतो हे ज्यांनी पाहिलं ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. ताडपत्र्याही उडाल्या, अर्थातच. पण उडून गेलेली ताडपत्री माडाला अडकून फाटते, एवढंच. त्यानंतरचे कित्येक आठवडे वीज नव्हती, पाऊस मात्र वेळेवर आला, आणि गावंच्या गावं निळ्या, पिवळ्या, काळ्या ताडपत्र्यांखाली राहिली. त्या ताडपत्र्या गावोगाव पोचवल्या त्या पिकअपनीच. टाळेबंदीचे दिवस, रस्त्यावर पडलेली झाडं, आणि हौद्यात घड्यांच्या चळती. पेटीत त्या बसल्या असत्या. पण परतीला मोडक्या माडांचे ओंडके कशातून गेले असते?

हे सगळं बोलून झाल्यावरही मेहुण्याच्या कुलपाला उत्तर हवंच होतं. ताडपत्री ब्लेडने कापता येते. रात्री धाब्यावर उभ्या असलेल्या गाडीतून नारळाची गोणी जाते आणि चोर दोरीसुद्धा नेतो, हे प्रत्येक चालकाने ऐकलेलं किंवा भोगलेलं असतं. चुलतभावाने यावर काढलेला तोडगा मला पटला. केबिनच्या पाठीशी हौद्याच्या रुंदीची, गुडघाभर उंच लोखंडी ट्रंक बोल्ट मारून बसवली. तिला कुलूप. जॅक, पाने, दोऱ्या, कागद आणि मौल्यवान असेल तर गिऱ्हाइकाचा छोटा माल तिच्यात. तिच्यावर पोती रचता येतात. उरलेल्या हौद्यावर चार कमानी, आणि त्यावर विणलेल्या प्लास्टिकऐवजी दोन्हीकडून लेप दिलेलं जाड कापड, बाजूंना गुंडाळता येतील असे पडदे, पुढे केबिनपाशी वीतभर फट. पाऊस नसला की बाजू वर, झड आली की खाली. बांधायला पाच मिनिटं जास्त लागतात आणि थंडीत बोटं सोलतात, ही त्याची किंमत. काकू नाराज आहे. वऱ्हाडासाठी गाडी मागायला माणसं येतातच, आणि नाही म्हणायचं काम आता तिच्याकडे आलंय.

तेव्हा कोणी मला विचारलं तर माझा निकाल असा : नेहमी एकाच जातीचा, कोरडा, मेलेला माल न्यायचा असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन खुशाल पेटी चढवा. मासळी घेऊन पुण्याच्या पलीकडे जायचं असेल तर साध्या पत्र्याचा नाद सोडून थंडावा धरणारी पफची गाडीच घ्या. बाकी आंबा, कांदा, गणपती, मासळी, गाद्या असं मिळेल ते भाडं उचलणाऱ्याने कमानी आणि ताडपत्रीच घ्यावी. फक्त ती मे महिन्यातच घ्या. मृगाचा पहिला पाऊस पडला की अलिबागच्या बाजारात त्याच ताडपत्रीला जादा पैसे मोजावे लागतात, आणि घडी उलगडून, उजेडात धरून भोकं बघायला दुकानात जागाही नसते.